कमरेचा दाखला

(शिंप्याचं दुकान, सकाळचे साडेदहा. मास्तर खुर्चीवर, मांडीवर कोणाचा तरी कोट. समोर साहेब, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने पँट धरलेली.)

साहेब : ...तर मुद्दा क्रमांक एक, ही पँट सैल झाली आहे. मुद्दा क्रमांक दोन, माझं पोट वाढलं आहे. आता तुम्ही सांगा मास्तर, एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच वेळी, हे दोन्ही कसं घडतं?

मास्तर : बसून बोलू या का साहेब?

साहेब : बसायला हरकत नाही, पण उठताना पंचाईत आहे. हात सुटला की मुद्दा क्रमांक एक खाली येतो.

मास्तर : मग उभेच राहा. फक्त त्या पांढऱ्या कापडावर पाय देऊ नका, परवा लग्नात जायचंय ते.

साहेब : कापडानं ताण दिला आहे. दुसरं कारण संभवत नाही. तीन महिन्यांपूर्वी तुम्हीच शिवलीत.

मास्तर : कापड ताण देतं ते गुडघ्यावर साहेब, फार तर बुडावर. कमरेला आतून जाड पट्टी असते, तिला काय धाड भरलीय? ते राहू द्या. पोट वाढलं म्हणता, ते म्हणतं कोण?

साहेब : टेप म्हणते. माझी स्वतःची, पोलादी, शिक्क्याची. काल ती घेऊन दवाखान्यात गेलो. नर्सनं धरली, मी आरशात वाचली. चाळीस.

मास्तर : चाळीस! अहो, मग पेढे—म्हणजे, चांगली बातमी आहे की!

साहेब : चांगली?

मास्तर : नाही, म्हणजे... गोल आकडा आहे.

साहेब : बारा आठवड्यांपूर्वी तो अडतीस होता. बारा आठवडे, बारा इंजेक्शनं, पोटात सुया, आणि वर दोन इंचांची भर. याला म्हणे पेप्टाइड थेरपी!

मास्तर : वहिनी काहीतरी म्हणाल्या होत्या मागे. मला वाटलं, तुम्ही ताकदीची औषधं घेताय.

साहेब : तसलं काही नाही. डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. पोटाची चरबी दोन प्रकारची. एक वरची, चिमटीत येते ती. ती दिसायला वाईट, पण स्वभावानं गरीब. दुसरी आतली. आतड्यांभोवती, यकृतावर, दडून बसलेली. चिमटीत येत नाही आणि माणसाला आतून पोखरते. साखर, रक्तदाब, हृदय, सगळीकडे तिचा हात.

मास्तर : म्हणजे गोड बोलणारा भाडेकरू.

साहेब : बरोबर. आणि पेप्टाइड म्हणजे शरीरातला निरोप्या. शरीर आपल्या आपल्यात असे निरोप पाठवतच असतं. वय झालं की काही निरोप कमी पडतात, ते बाहेरून द्यायचे. तो आत जाऊन त्या चरबीला सांगतो, ऊठ, खोली खाली कर.

मास्तर : आणि तुमच्याकडची उठली नाही?

साहेब : उठली नाही. तिनं नातेवाईक बोलावले.

मास्तर : साहेब, एक विचारू का? ते अडतीस... ते दवाखान्यात कोणी मोजलं होतं?

साहेब : कोणीच नाही. मी मोजूच दिलं नाही. त्यांच्या टेपवर पडताळणीचा शिक्का नव्हता! कापडी टेप, धुऊन धुऊन लांबलेली, पहिल्या इंचाचा तर पत्ता नाही. मी म्हटलं, बाई, आयुष्यभर मी असल्या टेपा जप्त केल्या, त्यातली एक माझ्याच कमरेला लावू? त्या म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा आकडा. मी सांगितला. अडतीस. मास्तरांच्या वहीत नोंद आहे म्हटलं, पंधरा दिवसांपूर्वीची.

मास्तर : माझ्या वहीतली.

साहेब : तुमच्या. या गावात मला एकाच माणसाचं माप मान्य आहे. सव्वीस वर्षं तुमची टेप, तुमचा गज मी तपासत आलो, सुताचा फरक निघाला नाही कधी. कापडवाल्याचा निघाला, धान्यवाल्याचा निघाला, सोनाराचं तर विचारू नका. तुमचा नाही. म्हणून आज इथे आलो. दाखला पाहिजे.

मास्तर : कसला दाखला?

साहेब : कमरेचा. हा पाहा, तक्रारअर्ज तयार आहे. चार पानं. वाचतो. "विषय : पोट कमी न होता वाढल्याबाबत."

मास्तर : वा!

साहेब : "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराचे पोट दिनांक अमुक रोजी अडतीस इंच असताना..." पुढे सगळं सविस्तर आहे. सोबत पुरावा म्हणून तुमच्या वहीतल्या पानाची नक्कल जोडायची आहे. तुम्ही फक्त खाली लिहायचं, "वरील माप खरे आहे", आणि सही. अर्ज आजच देणार. आजचं इंजेक्शनही घेणार नाही. बंद.

मास्तर : बंद कशाला एकदम? औषध आहे ते. आणि डॉक्टरबाई काय म्हणतात?

साहेब : त्या म्हणतात, आतली चरबी उतरलीय, यकृत सुधारलंय, मशीनमध्ये दिसतंय. मी विचारलं, मशीनवर शिक्का आहे का? त्या म्हणाल्या, आकड्याचं मलाही कळत नाही, पण तुम्ही पँट हातात धरून का उभे आहात? म्हटलं, ते शिंप्याचं आणि माझं बघून घेऊ. काढा वही.

मास्तर : वही ना... वही उंदरांनी खाल्ली.

साहेब : ही टेबलावर काय आहे?

मास्तर : हिचीच झेरॉ... ही दुसरी. ही बायकांची.

साहेब : वर ठळक अक्षरांत "पुरुष" लिहिलं आहे.

मास्तर : चष्मा नाही साहेब आज. सही कुठे करतोय ते कळायचं नाही.

साहेब : चष्मा कपाळावर आहे तुमच्या. मास्तर, टाळाटाळीचे सव्वीस प्रकार मला पाठ आहेत. किराणेवाले मला बघून तराजूच गिळायचे बाकी होते. तुम्हाला काय झालं?

मास्तर : मला? मला काय व्हायचंय. सुतकी चेहरा आहे जन्माचा. चहा सांगू?

साहेब : बिनसाखरेचा. आणि सही.

वहिनी : (साहेबांच्या पत्नी, हातात थर्मास, दारातून आत येत) इथे आहात होय! मी सगळी गल्ली पालथी घातली. मास्तर, यांना आधी बसवा आणि दार लावा, नाहीतर पळतील पुन्हा.

मास्तर : या वहिनी, या. देवासारख्या आलात.

वहिनी : दहाचं इंजेक्शन. मी हात धुतले, कापूस काढला, बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी. मोबाइल घरी, चष्म्याचं घर घरी, आणि पायात? बघा, पायात माझ्या चपला!

साहेब : घाईत झालं ते.

वहिनी : लहान मुलं डॉक्टरला बघून पळतात, तुम्ही बायकोला बघून. हे घ्या, थर्मासमधून इंजेक्शनचं पेन आणलंय, थंडगार. शर्ट वर करा.

साहेब : अगं, भर दुकानात?

वहिनी : शिंप्याच्या दुकानात माणसं कपडे वर-खाली करायलाच येतात. करा.

साहेब : इंजेक्शन बंद. मी काल रात्रीच जाहीर केलं.

वहिनी : जाहीर केलंत म्हणजे? तुम्ही भिंतीकडे तोंड करून बोललात आणि झोपलात. मास्तर, तुम्ही सांगा. तीन महिने झाले, माणूस जिन्यावर धापा टाकत नाही. बुटाच्या नाड्या स्वतः बांधतो. घोरणं निम्म्यावर आलंय, मलाच आता शांततेत झोप लागत नाही. पायी बाजारात जाऊन येतात, तेही माझ्या पुढे. आणि म्हणे पोट वाढलं!

साहेब : ती सगळी लक्षणं. लक्षणांना माप नसतं. आकडा बोलतो.

वहिनी : आकड्याशी लग्न करायचं होतं मग. मी रोज बघते ना पोट! मला दिसतंय ते उतरलेलं.

साहेब : नजरेनं तर सगळे दुकानदार मोजायचे. म्हणूनच खातं काढावं लागलं.

मास्तर : वहिनी, तुम्ही चहा घ्या.

वहिनी : चहाचं काय घेऊन बसलात मास्तर, तुमचं ऐकतात हे. देवाचं नाही, माझं नाही, डॉक्टरचं नाही. तुमचं ऐकतात.

मास्तर : तेच तर नडलंय.

साहेब : काय म्हणालात?

मास्तर : काही नाही. सुई टोचली.

साहेब : हे पाहा, दोघंही ऐका. मी भावनेच्या भरात बोलत नाही. रात्रभर विचार केला. ही थेरपी मी का सुरू केली? दादामुळे. माझा थोरला भाऊ चौसष्टाव्या वर्षी जेवता जेवता गेला. पुढच्या महिन्यात मी चौसष्टचा होतो. घाबरलो, कबूल करतो. म्हटलं, पोट कमी करावं, म्हातारपण यायचंच आहे तर धडधाकट यावं.

वहिनी : मग?

साहेब : मग रात्री एक गोष्ट लक्षात आली. दादाचे कपडेही मास्तरच शिवायचे. दादाचं माप शेवटपर्यंत चाळीस. पंधरा वर्षांत एक इंच वाढलं नाही. मी स्वतः वहीत पाहिलं आहे. चाळीस, चाळीस, चाळीस. तरी गेला. म्हणजे पोटाचा आणि त्या गोष्टीचा काही संबंध नाही. सिद्ध झालं. उगाच कशाला सुया टोचून घ्यायच्या? मास्तर, करा सही. मास्तर?

(मास्तरांची कात्री मांडीवरच्या कोटात चालते.)

साहेब : मास्तर, कोटाची बाही कापताय तुम्ही.

मास्तर : कापू द्या. साहेब, बसा.

साहेब : पण पँट—

मास्तर : पँट गेली खड्ड्यात. बसा म्हटलं ना! वहिनी, तुम्हीही बसा. ही घ्या वही. हे साहेबांचं पान. वाचा काय लिहिलंय.

साहेब : अडतीस. स्वच्छ लिहिलं आहे. अक्षर सुरेख आहे तुमचं.

मास्तर : अडतीसच्या पुढे काय आहे?

साहेब : टिंबं आहेत. शाईचे थेंब असतील.

मास्तर : मोजा.

साहेब : एक, दोन, तीन, चार, पाच. पाच टिंबं. बरं मग?

मास्तर : एक टिंब म्हणजे एक इंच.

साहेब : कशाचा इंच?

मास्तर : जो मी सांगत नाही तो.

वहिनी : अगं बाई!

मास्तर : माझे वडील मशीनवर बसायचे तेव्हापासूनची रीत आहे साहेब. ते म्हणायचे, कापडाला खरं सांग, माणसाला बरं सांग. टेप लावायची, डोळ्यांनी त्रेचाळीस वाचायचे, तोंडानं अडतीस म्हणायचं. वहीत अडतीस आणि पाच टिंबं. बेतताना अडतीस अधिक पाच. पँट चपखल बसते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. एखाद्याला मापाच्या वेळी त्रेचाळीस म्हणा बरं! पुढची पँट दुसऱ्याकडे शिवतो तो. आणि तिथेही त्याला अडतीसच सांगतात.

साहेब : थांबा. थांबा, थांबा. म्हणजे माझी कंबर...

मास्तर : त्रेचाळीस होती. तीन महिन्यांपूर्वी.

साहेब : पण टेप! टेप मी स्वतः तपासली आहे! दर वर्षी!

मास्तर : टेप खरीच होती साहेब. तोंड खोटं होतं. तोंडावर शिक्का मारायची सोय तुमच्या खात्यात नव्हती.

साहेब : आणि मी... मी वाचलं कसं नाही?

वहिनी : कसं वाचणार? टेप पोटाखाली, डोळे पोटावर. मध्ये सगळा डोंगर.

मास्तर : शिवाय साहेब, टेप लावली की तुम्ही श्वास आत ओढून छताकडे बघायचात. मी उगाच पायाची लांबी तीन-तीनदा मोजत बसायचो, तुम्ही श्वास सोडेपर्यंत. एकदा तर तुम्ही निळे पडला होतात.

साहेब : ही फसवणूक आहे! मापात पाप! माझ्या नाकाखाली, माझ्याच कमरेवर, सव्वीस वर्षं! मी याच गावात एका माणसाला किलोमागे वीस ग्रॅमसाठी कोर्टात उभं केलं आहे!

मास्तर : त्यानं कमी दिलं. मी कापड पूर्ण दिलं. कमी फक्त सांगितलं.

साहेब : हा युक्तिवाद झाला!

वहिनी : अहो, ओरडू नका, रक्तदाब वाढेल.

साहेब : तू गप्प बस! तुला यातलं काय माहीत? ...तू अशी कुठे बघतेस? तुला माहीत होतं?

वहिनी : टिंबांचं नव्हतं माहीत. आईशप्पथ.

साहेब : मग कशाचं होतं?

वहिनी : पट्ट्याचं. तुमच्या पट्ट्याला दर वर्षी एक भोक मी वाढवते. दाभणानं. तुम्ही झोपल्यावर.

साहेब : पण तू तर म्हणायचीस, चामडं आकसतं!

वहिनी : तुम्ही मानायचात. एवढे शिकलेले, अधिकारी माणूस. मला वाटायचं, विचारतील एक दिवस, आमचंच चामडं का आकसतं, शेजाऱ्यांचं का नाही. नाही विचारलंत.

साहेब : म्हणजे घरात एक टोळी आणि बाजारात एक! आणखी कोण कोण आहे यात? मास्तर, ती वही द्या इकडे. बँकेचे मॅनेजर! ते पस्तीस म्हणून मिरवतात. त्यांची किती टिंबं?

मास्तर : गिऱ्हाइकाचं टिंब सांगत नसतो मी.

साहेब : सांगा!

मास्तर : नाही. फक्त एवढंच म्हणतो की त्यांच्या पानावर समास उरलेला नाही.

वहिनी : बघा! मी तुम्हाला कधीची सांगतेय. खुर्चीतून उठतात तेव्हा खुर्ची बरोबर उठते त्यांच्या.

साहेब : हे... हे जरा समाधानकारक आहे. पण विषय बदलू नका!

मास्तर : नाही बदलत. विषयावरच येतो. साहेब, मागचं पान उलटा. थोरल्यांचं पान आहे.

साहेब : ...दादाचं?

मास्तर : शेवटचं माप. वाचा.

साहेब : चाळीस.

मास्तर : आणि पुढे?

साहेब : एक, दोन... सात.

मास्तर : सात. पहिल्यांदा आले तेव्हा एकच होतं. दोन-तीन वर्षांनी एकेक वाढत गेलं. मला हातानं कळत होतं साहेब. टेप धरणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं, डॉक्टरच्या आधी, बायकोच्याही आधी. आणि मी दर वेळी मोठ्यानं म्हणायचो, चाळीस, वा, तब्येत राखलीय तुम्ही! हसायचे. पाठीवर थाप मारून जायचे. माझ्या वहीत तो माणूस कधी जाडच झाला नाही.

वहिनी : मास्तर...

मास्तर : त्यांच्या तेराव्या दिवशी मी हे पान काढून बसलो होतो. मनाशी म्हटलं, शिंप्याचं काम पँट शिवायचं, आपण काय वैद्य आहोत? आणि मिटलं पान. आज साहेब म्हणतात, दादा चाळीसचा असून गेला, तेव्हा पोटाचा संबंध नाही, इंजेक्शन बंद. माझंच खोटं पुरावा म्हणून जोडून. त्याच्याखाली सही मागताय साहेब? हात मोडला तरी करणार नाही.

साहेब : सत्तेचाळीस होता दादा.

मास्तर : हो.

साहेब : आम्ही दोघं आरशासमोर उभे राहायचो, आणि तो म्हणायचा, बघ, मी तुझ्याहून फक्त दोन इंचांनी पुढे, थोरला आहे म्हणून. आणि मीही मान हलवायचो. डोळ्यांना दिसत होतं, पण वहीत चाळीस होतं. मी वहीचं ऐकलं.

मास्तर : ओरडा साहेब. मघासारखं ओरडा. हे असं बोलू नका.

साहेब : ओरडणार होतोच, पण आता मी हिशोबात आहे. त्रेचाळीस वजा...

वहिनी : चाळीस.

साहेब : मला येते वजाबाकी!

वहिनी : येते तर करा ना मग. कालपासून बेरीजच चाललीय.

साहेब : तीन. तीन इंच... उतरले?

मास्तर : उतरले! म्हणून तर पँट घसरतेय! मघापासून तुम्ही औषधाचा पुरावा मुठीत धरून उभे आहात आणि माझ्या कापडाला शिव्या देताय!

साहेब : म्हणजे निरोप्यानं निरोप दिला होता.

मास्तर : चोख दिला होता. भाडेकरू सामान बांधतोय. तुम्हीच त्याला बाहेरून कडी घालायला निघाला होतात.

वहिनी : आणि त्या बिचाऱ्या डॉक्टरबाई! काल तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं. माझ्या कानात म्हणाल्या, पंधरा वर्षांत असा रुग्ण बघितला नाही, आतून बारीक होतोय आणि बाहेरून जाड.

साहेब : अर्ज बदलावा लागेल. कागद द्या. विषय... "पोट वाढल्याची तक्रार मागे घेण्याबाबत."

मास्तर : हे बरं झालं.

साहेब : "महोदया, अर्जदाराच्या मूळ मापात कार्यालयीन त्रुटी आढळून आली असून..."

वहिनी : कोणाचं कार्यालय?

साहेब : तशी पद्धत आहे लिहायची. "मूळ माप हे अडतीस नसून, सुमारे... चाळिशीच्या वर..."

वहिनी : आकडा लिहा.

साहेब : "चाळिशीच्या बऱ्यापैकी वर..."

वहिनी : आकडा!

साहेब : अगं, त्या कागदावर शिपाई बघेल, नर्स बघेल!

वहिनी : नर्सनं काल टेप लावलीय तुमच्या पोटाला. तिनं काय स्वप्नात बघितलं?

मास्तर : साहेब, मी लिहू का? माझं पाप आहे, माझ्या अक्षरात जाऊ द्या.

साहेब : नको. तुमच्या अक्षराचा अनुभव घेतला मी. द्या ते पेन.

वहिनी : हे लिहायचं, हे टोचायचं. घोळ करू नका.

साहेब : चार... तीन. त्रेचाळीस. लिहिलं.

वहिनी : बघू. हो. लिहिलंय. चांगलं ठसठशीत लिहिलंय.

मास्तर : चला आता ट्रायल रूममध्ये. पडदा ओढून घ्या, हूक जरा डावीकडे अडकतो. वहिनी, आत स्टूल आहे.

वहिनी : वर करा शर्ट. आणखी वर. अहो, पोट आत कशाला ओढताय?

साहेब : सवय आहे.

वहिनी : मी माप घेत नाहीये, सुई टोचतेय! सोडा श्वास. सोडा. हं. झालं. एवढ्यासाठी माझ्या चपला घालून पळालात!

साहेब : दुखलं.

वहिनी : काही दुखत नाही. दर आठवड्याला म्हणता.

मास्तर : साहेब, शर्ट खाली घ्यायच्या आधी मी जरा टेप लावू का? पँट तीन इंच आत घ्यायचीय ना.

साहेब : लावा. पण थांबा. मी या आरशात बघणार. श्वास... हा सोडला. बोला.

मास्तर : चाळीसला एक सूत कमी.

साहेब : टिंब?

मास्तर : नाही.

साहेब : वही दाखवा. हं. ठीक. पँट कधी मिळेल?

मास्तर : परवा. मार्जिन आत ठेवू की कापून टाकू? ठेवलं तर पुढे कधी सोडता येतं, म्हणून विचारतो.

वहिनी : कापा.

साहेब : तिला काय विचारता, पँट माझी आहे.

मास्तर : बरं, तुम्ही सांगा.

साहेब : ...कापा.

वहिनी : डॉक्टरबाई म्हणाल्यात, औषधाबरोबर चालणं हवं, नाहीतर गेलेली चरबी पत्ता विसरत नाही. रोज अर्धा तास.

साहेब : चालेन. आणि मास्तर, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी इथे येणार. तुम्ही टेप लावायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. असेल तो.

मास्तर : दुकानात गिऱ्हाईक बसलं असलं तरी?

साहेब : असलं तरी.

मास्तर : बँकेचे मॅनेजर बसले असले तरी?

साहेब : असले तरी. मग त्यांनाही लावा टेप.

वहिनी : आणि एखाद्या महिन्यात वाढलेला निघाला तर?

साहेब : सांगायचा. मोठ्यानंच सांगायचा. फक्त त्या महिन्यात तू जरा बाहेर थांब.